विश्लेषण : ५५ मिनिटांत विमान बदलता येते का? कनेक्टिंग फ्लाइट आणि बिझनेस क्लासचे गणित

मोबाइलवर विमानाचे तिकीट शोधले की सर्वांत कमी वेळाचा आणि सर्वांत स्वस्त पर्याय आधी नजरेत भरतो. मधला थांबा जितका लहान, तितका एकूण प्रवास कमी आणि पर्याय तितका आकर्षक. हा थांबा पुरेसा आहे का, हे मात्र तो पडदा सांगत नाही. दुसरीकडे, दगदग नको म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे मोजून बिझनेस क्लास घेणाऱ्यांच्या वाट्यालाही मोडके आसन किंवा बदललेले विमान येते. दोन्ही ठिकाणी मूळ दुखणे एकच आहे. आपण नेमके काय विकत घेतले, हे प्रवाशाला तिकीट काढताना कळत नाही.

५५ मिनिटे म्हणजे प्रत्यक्षात किती?

समजा, मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे म्युनिकला जायचे आहे आणि मधला थांबा ५५ मिनिटांचा आहे. तिकिटावरची आगमनाची वेळ म्हणजे विमान जागेवर येऊन थांबण्याची वेळ. दार त्यानंतर उघडते आणि मागच्या रांगांतील प्रवासी त्याहून उशिरा बाहेर पडतात. मोठ्या विमानात यात सहज १५ मिनिटे जातात. प्रस्थानाची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. गेट त्याच्या साधारण १५ ते २० मिनिटे आधी बंद होते. म्हणजे ५५ मधून दोन्ही टोकांचे मिळून ३५ गेले आणि हातात उरली २० मिनिटे.

या २० मिनिटांत चालायचे, गरज असेल तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी करायची आणि पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभे राहायचे. म्युनिकला जाणाऱ्याची पासपोर्ट तपासणी म्युनिकला होत नाही. शेंगेन क्षेत्रात पहिले पाऊल पडते ते फ्रँकफर्टला, त्यामुळे ती रांग तिथेच लागते.

आता त्यात वक्तशीरपणाची व्याख्या मिळवा. विमान वाहतुकीत ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलेले विमान ‘वेळेवर’ मोजले जाते. म्हणजे १४ मिनिटे उशिरा आलेले विमान कंपनीच्या आकडेवारीत वक्तशीर ठरते, पण आपल्या २० मिनिटांपैकी १४ खाऊन जाते. इंजिनीअरिंगच्या वर्गात ‘टॉलरन्स’ शिकवतात. प्रत्येक सुटा भाग आपापल्या मर्यादेत बरोबर असतो, पण सगळ्या चुका एकाच बाजूला साठल्या की यंत्र बसत नाही. कनेक्टिंग फ्लाइटचे असेच आहे. कोणाचीच मोठी चूक नसते, तरी विमान चुकते.

मग कंपन्या असे तिकीट विकतात कसे?

प्रत्येक विमानतळासाठी ‘मिनिमम कनेक्टिंग टाइम’, म्हणजे विमान बदलण्यासाठी लागणारा किमान वेळ, ठरवलेला असतो. टर्मिनल कोणते, प्रवास देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय, विमान कंपन्या कोणत्या, यानुसार तो बदलतो. व्हिएन्ना विमानतळ २५ मिनिटांच्या किमान वेळेची जाहिरात करत आला आहे. फ्रँकफर्टचा सर्वसाधारण किमान वेळ ४५ मिनिटे आहे. या वेळेपेक्षा कमी अंतराची दोन उड्डाणे आरक्षण प्रणाली एका तिकिटावर जोडत नाही.

म्हणजे ५५ मिनिटांचे तिकीट नियमात बसते. मात्र किमान वेळ म्हणजे सगळे सुरळीत झाले तर शक्य असलेला वेळ. तो सोयीचा किंवा सुरक्षित वेळ नव्हे. ज्येष्ठ प्रवासी, लहान मुले सोबत असलेले पालक, पहिल्यांदाच परदेशी निघालेला विद्यार्थी यांचा वेग त्यात वेगळा धरलेला नसतो. व्हीलचेअरची मदत घेणाऱ्यांना तर विमानातून बहुधा सर्वांत शेवटी उतरवले जाते. मुलांकडे अमेरिकेला किंवा जर्मनीला निघालेल्या आई-वडिलांचे तिकीट काढून देताना नेमका हाच मुद्दा सुटतो.

कंपन्यांना लहान थांबा सोयीचा असतो. मोठ्या हबवर विमाने लाटेसारखी एकत्र येतात आणि थोड्या वेळाने एकत्र सुटतात. दोन लाटांमधले अंतर जितके कमी, तितका विमानांचा आणि गेटचा वापर जास्त. शिवाय एकूण प्रवासाचा वेळ कमी दिसला की तिकीट शोधयादीत वर येते. त्यातले काही प्रवासी चुकतील आणि त्यांना पुढच्या विमानात बसवावे लागेल, हे कंपनीच्या हिशेबात धरलेले असते. प्रवाशाच्या हिशेबात ते नसते.

आपल्याकडे अडचण कुठे येते?

मुंबईपासूनच सुरुवात होते. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरले आणि परदेशी विमान टर्मिनल २ वरून असेल, तर बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. दिल्लीतही टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ मध्ये रस्त्याचाच प्रवास आहे.

त्यात आता नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. नागपूरहून ‘मुंबई’ला आलो, असे समजणारा प्रवासी उलव्याला उतरला आणि पुढचे विमान सहारहून असेल, तर मध्ये अख्खी मुंबई आहे. तिकिटावर दोन्हीचे कोड वेगळे असतात. जुन्या विमानतळाचा ‘बीओएम’, नव्याचा ‘एनएमआय’. गोव्यातही जानेवारी २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. एक दक्षिण गोव्यात, दुसरा पेडणे तालुक्यात उत्तर टोकाला.

परतीच्या प्रवासात आणखी एक अडथळा असतो. परदेशातून येऊन पुढे देशांतर्गत विमान पकडायचे असेल, तर सर्वसाधारणपणे भारतातील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करावे लागते, बॅगा पट्ट्यावरून घ्याव्या लागतात, सीमाशुल्क तपासणी ओलांडावी लागते आणि मग त्या पुन्हा द्याव्या लागतात. अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर हेच होते. अशा ठिकाणी दोन तासही कमी पडू शकतात.

सगळे नियोजन बरोबर असूनही कधी कधी यंत्रणाच कोसळते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाल्यानंतर उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या उड्डाणांचा मार्ग लांबला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा परदेशी विमान गाठण्यासाठी मुंबई-दिल्लीकडे निघालेले अनेक जण आपल्याच गावच्या विमानतळावर अडकले.

एक पीएनआर की दोन?

हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यावर पुढच्या उपलब्ध विमानात बसवून मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘न आलेले प्रवासी’ असता. तिकीट वाया जाते आणि नवे त्या दिवसाच्या दराने घ्यावे लागते. परतीचे उड्डाण त्याच तिकिटावर असेल, तर तेही रद्द होऊ शकते.

तिकीट विकणारी काही संकेतस्थळे दोन वेगळी तिकिटे जोडून एकच प्रवास असल्यासारखी दाखवतात. त्यावर ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. याचा अर्थ विमान बदलण्याची सगळी जोखीम तुमची. बॅगा मध्ये घेऊन पुन्हा द्यायच्या असतील, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर पहिल्या विमानतळावरच, म्हणजे मुंबईतच, विमानात चढण्यास नकार मिळू शकतो. दहा-पंधरा हजार रुपये वाचवण्याच्या नादात सगळा प्रवास पणाला लागतो तो असा.

विमान चुकले तर हक्क कोणते?

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) नियमावली लागू होते. विमानाला उशीर झाल्यास प्रतीक्षेच्या काळात खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांपेक्षा अधिक उशीर होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. उशीर २४ तासांहून अधिक असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणारे विमान सहा तासांपेक्षा जास्त रखडणार असेल, तर हॉटेलची सोय करावी लागते.

उड्डाण वेळेत न कळवता रद्द केले, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई मिळते. एकाच तिकिटावरील कनेक्टिंग उड्डाण यामुळे चुकले तरी हा नियम लागू होतो. जास्त तिकिटे विकल्यामुळे तुम्हाला विमानात घेतले नाही आणि तासाभरात पर्यायी विमानही दिले नाही, तर भरपाई कमाल १०,००० रुपये आणि पर्यायी विमान २४ तासांनंतरचे असेल तर कमाल २०,००० रुपये आहे. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना यातून सूट आहे. मुख्य म्हणजे, केवळ उशिरासाठी रोख भरपाईची तरतूद आपल्या नियमांत नाही.

युरोपीय संघाचा २००४ चा नियम क्रमांक २६१ इथे बराच पुढे आहे. अंतिम मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळू शकतात. विलक्षण परिस्थितीची सूट तिथेही आहे. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, हा उशीर शेवटच्या मुक्कामी मोजायचा. म्हणजे पहिले विमान थोडेच उशिरा आले, पण त्यामुळे पुढचे चुकून तुम्ही पाच तास उशिरा पोहोचलात, तर पाच तास धरायचे. हा नियम युरोपीय संघातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला आणि संघाकडे जाणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या विमानांना लागू होतो. त्यामुळे लुफ्तान्साने मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारा त्यात बसतो, एअर इंडियाने जाणारा बसत नाही. फ्रँकफर्टहून परतताना मात्र दोघेही बसतात.

याशिवाय १९९९ चा माँट्रियल करार आहे. भारतात तो २००९ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान त्याखाली मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून करारातील कमाल मर्यादा प्रति प्रवासी ६,३०३ एसडीआर, म्हणजे आजच्या दराने सात लाख रुपयांच्या आसपास किंवा अधिक आहे. ही ठरलेली रक्कम नव्हे. हॉटेल, टॅक्सी, नवे तिकीट यांची बिले जपून ठेवली तरच हा हक्क उपयोगी पडतो.

जास्त पैसे मोजले तर सेवा चांगली मिळते का?

‘बिझनेस क्लास’ हा शब्द एक असला, तरी वस्तू एक नसते. एअर इंडियाच्या जुन्या बोइंग ७८७-८ मध्ये या वर्गाच्या आसनांची रचना २-२-२ आहे. खिडकीजवळच्या प्रवाशाला बाहेर येण्यासाठी शेजाऱ्याला ओलांडावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३५० मध्ये हीच रचना १-२-१ आहे आणि प्रत्येकाला थेट वाट मिळते. कंपनी एक, वर्ग एक, अनुभव दोन. टाटा समूहाकडे आल्यानंतर एअर इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये ४० मोठ्या विमानांचा अंतर्भाग बदलण्यासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. आसने पुरवणाऱ्या कंपन्यांकडील विलंबामुळे ती रखडली. नव्या विमानाच्या जाहिराती सुरू असताना अनेक प्रवासी जुन्याच आसनांवर बसत राहिले.

देशांतर्गत मार्गांवर अपेक्षा आणखी तपासून घ्यायला हवी. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ वर्ग आणला, तेव्हा सुरुवातीचे भाडे १८,०१८ रुपये होते. आसन रुंद आहे आणि मागे कलते, पण पलंगासारखे सपाट होत नाही. दोन तासांच्या प्रवासाला ते पुरेसे आहे. युरोपात तर अनेक कंपन्यांच्या छोट्या मार्गांवरील बिझनेस क्लास म्हणजे इकॉनॉमीचेच आसन असते, फक्त मधली जागा रिकामी ठेवलेली. मुंबई-फ्रँकफर्ट सपाट पलंगावर झोपून गेलेला प्रवासी पुढच्या टप्प्यात चकित होतो तो यामुळे. काही तिकिटांत तर एक टप्पा बिझनेस आणि दुसरा इकॉनॉमी असतो. ते ‘मिक्स्ड केबिन’ या दोन शब्दांत उरकलेले असते.

करही वाढला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवरील जीएसटी ५ टक्केच राहिला, पण प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट क्लासवरील कर १२ वरून १८ टक्के झाला. तिकीट महागले, पण विमान ऐनवेळी बदलण्याचा कंपनीचा अधिकार तसाच आहे. वाहतुकीच्या अटी वाचल्या तर दिसते की, कंपनी तुम्हाला वर्गाची हमी देते. विशिष्ट विमानाची किंवा विशिष्ट आसनाची हमी ती देत नाही.

खालच्या वर्गात बसवले किंवा आसन मोडके निघाले तर?

वरच्या वर्गाचे तिकीट असताना खाली बसवल्यास पूर्वी कंपन्या ‘भाड्यातील फरक’ देत. पण फरक कशाशी? त्या दिवसाच्या सर्वांत महाग इकॉनॉमी भाड्याशी तुलना केली, तर फरक जवळजवळ शून्य निघतो. १५ फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएने ही पळवाट बुजवली. प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध वर्ग खाली आणल्यास देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. दिल्ली-काठमांडू पहिल्या गटात, मुंबई-दुबई दुसऱ्या, मुंबई-लंडन तिसऱ्या. मुंबई-लंडनच्या एकेरी तिकिटाला दीड लाख रुपये मोजले असतील, तर परतावा १ लाख १२ हजार ५०० रुपये होतो.

इथेच कनेक्टिंग फ्लाइट आणि बिझनेस क्लास यांची गाठ पडते. विमान चुकल्यावर पुढच्या विमानात बिझनेसची जागा क्वचितच शिल्लक असते आणि ‘इकॉनॉमीत चालेल का?’ असे काउंटरवर विचारले जाते. थकलेला प्रवासी ‘चालेल’ म्हणतो. मग कंपनी म्हणते, तुम्ही स्वखुशीने गेलात. अशा वेळी जा, पण ‘पर्याय नसल्यामुळे स्वीकारत आहे’ असा ई-मेल तिथूनच, विमानात बसण्याआधी पाठवा. जुना आणि नवा, दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा.

मोडक्या आसनासाठी टक्केवारीचा नियम नाही, पण ग्राहक कायदा आहे. पुढे तेलंगणचे पोलीस महासंचालक झालेल्या एका अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने २०२३ मध्ये हैदराबादहून सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला जाताना सिंगापूर एअरलाइन्सची प्रत्येकी ६६,७५० रुपयांची बिझनेस क्लासची तिकिटे घेतली होती. आसन मागे नेणारी स्वयंचलित यंत्रणा चालत नव्हती. कंपनीने प्रत्येकी १०,००० मैलांचे पॉइंट देऊ केले, ते त्यांनी नाकारले. २०२४ मध्ये हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगाने दोघांना मिळून दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. सुविधेसाठी जादा पैसे घेतले आणि ती दिली नाही, तर ती सेवेतील त्रुटीच ठरते, हा यातला धडा. तो मिळवण्यासाठी पोलीस महासंचालक असण्याची अट नाही.

तक्रार कुठे आणि कशी करावी?

पहिली तक्रार कंपनीकडे लेखी करा. तिथे दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि नागरी उड्डाण मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ अ‍ॅपवर जा. त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी साताऱ्याच्या माणसाने तिकडे जाण्याची गरज नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परदेश प्रवासात बॅग खराब झाली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावीच लागते. ही मुदत चुकली की हक्कही जातो.

उशिराचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, यावर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१ चा निकाल उपयोगी आहे. प्रकरण रेल्वेचे होते. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, हे रेल्वेने सिद्ध करायला हवे होते आणि ते झाले नाही, म्हणून न्यायालयाने भरपाईचा आदेश कायम ठेवला. ‘तांत्रिक कारण’ हे दोन शब्द म्हणजे पुरावा नव्हे.

तिकीट काढण्यापूर्वी काय पाहावे?

पाच गोष्टी. पीएनआर एक आहे की दोन. विमानतळाचा कोड आणि टर्मिनल दोन्ही उड्डाणांना तेच आहे का. बॅग शेवटपर्यंत जाणार की मध्ये घ्यायची. पासपोर्ट तपासणी कुठे होणार. आणि आपले विमान चुकले, तर त्याच दिवशी त्या मार्गावर पुढचे विमान आहे का. शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. तासातासाला विमान असलेल्या मार्गावर ६० मिनिटांची जोखीम परवडते. दिवसाला एकच विमान असेल, तर तीन तासही जास्त नाहीत. बिझनेस क्लास घेत असाल तर विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा पाहा आणि दोन्हीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

बदल कुठे हवा?

प्रवाशाने सावध राहावे, हा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. पाच गोष्टी तपासायला सांगणे म्हणजे यंत्रणेचे काम ग्राहकावर ढकलणेच होय. सिगारेटच्या पाकिटावर इशारा ठळक छापावा लागतो. मग ‘हे दोन वेगळे करार आहेत, पुढचे विमान चुकल्यास जबाबदारी तुमची’ हे वाक्य पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, मराठीसह ग्राहकाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत का नको? नवी मुंबई आणि सहार यांची तिकिटे एका प्रवासात विकताना विमानतळ बदलतो, हे लाल अक्षरांत दाखवणे तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक काम आहे. विमानतळाचे दोन कोड सारखे नसतील तर इशारा दाखवा, एवढीच अट लिहायची आहे.

डीजीसीए प्रत्येक महिन्याला कंपन्यांचा वक्तशीरपणा प्रसिद्ध करते. त्यासोबत एका तिकिटावरच्या किती प्रवाशांचे पुढचे विमान चुकले, हाही आकडा द्यायला हवा. कंपन्यांकडे ही माहिती असतेच, कारण चुकलेल्या प्रत्येक प्रवाशाला नवी जागा त्याच देतात. ५५ मिनिटांच्या थांब्यावर दर शंभरांत किती जण पोहोचले, हे तिकिटाशेजारी दिसले तर निवड खरी होईल. केवळ उशिरासाठीही रोख भरपाई हवी. कंपनीला उशीर स्वस्त पडतो तोवर वेळापत्रक ताणलेलेच राहणार.

वर्ग खाली आणल्याच्या परताव्याचे टक्के ठरवून देता येतात, हे २०२३ मध्ये डीजीसीएनेच दाखवून दिले. त्याच धर्तीवर न चालणारे आसन, बंद पडलेला पडदा यांचेही ठरावीक दर असावेत, म्हणजे प्रत्येकाला आयोगाचे दार ठोठवावे लागणार नाही. १८ टक्के जीएसटी घेणाऱ्या सरकारने त्या पैशांत प्रवाशाला काय मिळायला हवे, हेही लिहून द्यावे.